लहान डिझेल इंजिनांच्या उत्पादकांस खुले पत्र : वनस्पती तेलाविषयी माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहा

प्रति,
लहान डिझेल इंजिनांचे सर्व उत्पादक, तसेच त्यांचे अभियांत्रिकी आणि सेवा विभाग

विषय : इंधन म्हणून शुद्ध वनस्पती तेल वापरण्याविषयी प्रत्येक मॉडेलसाठी तांत्रिक माहिती प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,

पाण्याचे पंप, जनरेटर, पिठाच्या चक्क्या, लहान ट्रॅक्टर आणि होड्या चालवणारी जी एक-दोन सिलिंडरची इंजिने आपण बनवता, त्यांच्या माहितीपुस्तिकेत इंधनाविषयी बहुधा एकच वाक्य असते : ठरावीक मानकाचे डिझेलच वापरावे, अन्य इंधन वापरल्यास हमी रद्द होईल. कायद्याच्या दृष्टीने हे वाक्य आपल्या सोयीचे असेलही. मात्र ज्याच्याकडे तेलबियांचे पीक आणि घाणा आहे पण डिझेल वेळेवर पोहोचत नाही, त्याला ते काहीच सांगत नाही. तेल टाकीत ओतल्यावर नेमके काय बिघडते, किती तासांनी बिघडते आणि कशामुळे, याचा त्यात उल्लेख नसल्याने तो माणूस एके दिवशी तेल ओतून पाहतो. इंजिन चालू होते, आणि पुस्तिकेतली ती ताकीद केवळ डिझेल विकणाऱ्यांच्या सोयीसाठी छापली होती अशी त्याची खात्री पटते. पुढे काही आठवड्यांनी तेच इंजिन आमच्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या बाकावर येते, तेव्हा पिस्टनच्या रिंगा खाचेत घट्ट बसलेल्या असतात आणि इंधन फवारणाऱ्या नोझलच्या तोंडावर कोळशाची फुले आलेली असतात.

हे पत्र वनस्पती तेलाची वकिली करण्यासाठी लिहिलेले नाही. आपल्या अनेक मॉडेलांच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर ‘चालणार नाही’ असेच असेल, असे माझे मत आहे. ते उत्तर कारणांसह द्यावे, आणि जिथे उत्तर ‘या अटींवर चालेल’ असे असेल तिथे त्या अटी आकड्यांत छापाव्यात, एवढीच मागणी आहे.

डिझेल इंजिन वनस्पती तेलावर चालू शकते, हे आता कोणी सिद्ध करून दाखवण्याची गरज उरलेली नाही. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. रुडॉल्फ डिझेल यांनी स्वतः १९१२ मध्ये त्या प्रयोगाची आठवण नोंदवताना म्हटले, की खनिज तेलासाठी बांधलेले ते इंजिन कोणताही बदल न करता इतके सुरळीत चालले की फारच थोड्या लोकांच्या ते लक्षात आले. तेलाला पाठीराखे मिळाले ते अशा प्रात्यक्षिकांमुळे, आणि दिशाभूलही त्यांनीच केली. प्रदर्शनातले इंजिन काही तास चालते. शेतातल्या इंजिनाला हजारो तास चालायचे असते. वनस्पती तेलाचा खरा दोष पहिल्या तासात दिसतच नाही. आवाज थोडा मऊ होतो, धुराचा वास बदलतो, ताकद जवळपास तेवढीच राहते. वजनाच्या हिशेबाने तेलातील ऊर्जा डिझेलपेक्षा कमी, म्हणजे किलोमागे सुमारे ४३ ऐवजी ३७ मेगाज्यूल असते. परंतु तेल अधिक जड असल्याने लिटरमागे फरक जेमतेम पाच टक्क्यांचा राहतो, आणि चालवणाऱ्याला तो जाणवतही नाही.

बिघाडाचे मूळ तेलाच्या रेणूत आहे. वनस्पती तेलाचा रेणू डिझेलच्या सरासरी रेणूच्या सुमारे चौपट जड असतो. तापवल्यावर डिझेल वाफ होऊन हवेत मिसळते. तेल मात्र नीट वाफ होण्याआधीच फुटू लागते आणि त्याचे तुकडे एकमेकांना जोडले जाऊन आधी चिकट आणि मग कडक थर तयार होतो. त्यात भर पडते ती दाटपणाची. चाळीस अंश सेल्सियसला डिझेलची श्यानता, म्हणजे दाटपणाचे माप, युरोपीय मानकाप्रमाणे २ ते ४.५ सेंटिस्टोक असते, तर बहुतेक वनस्पती तेलांची ३० ते ४० च्या आसपास. नोझलची भोके डिझेलसाठी मोजून पाडलेली असतात. त्यांतून एवढे दाट तेल बाहेर पडताना थेंब मोठे राहतात, फवारा अरुंद होऊन लांबवर जातो आणि पिस्टनच्या माथ्यावर किंवा लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतील नळीच्या, भिंतीवर आपटतो. मोठा थेंब वेळेत जळून संपत नाही. त्याचा उरलेला भाग नोझलवर, व्हॉल्व्हवर आणि रिंगांच्या खाचांत कार्बन होऊन बसतो. नोझलवर कार्बन बसला की फवारा आणखी बिघडतो आणि बिघडलेल्या फवाऱ्यामुळे आणखी कार्बन धरतो, म्हणून ही घसरण सुरुवातीला संथ आणि शेवटी फार वेगाने होते.

तेल तापवून पातळ करावे, हा यावरचा सर्वांना ठाऊक असलेला उपाय आहे आणि तो बरोबरही आहे. पण तो कुठपर्यंत पुरतो हे क्वचितच सांगितले जाते. ऐंशी अंशांपर्यंत तापवलेल्या तेलाचा दाटपणा चाळीस अंशांच्या मानाने सुमारे एक तृतीयांशावर येतो, तरीही तो डिझेलच्या कितीतरी पट राहतो. शिवाय हे तापमान पंपापाशी आणि नोझलपाशी मिळायला हवे, केवळ टाकीत असून भागत नाही. म्हणूनच जाणकार लोक दोन टाक्या ठेवतात : इंजिन डिझेलवर सुरू करायचे, पुरेसे तापल्यावर तेलाकडे वळवायचे, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणून पंप, नळी व नोझल यांतले तेल धुऊन काढायचे. यातला शेवटचा टप्पा सर्वांत जास्त विसरला जातो, कारण इंजिन बंद करणारा माणूस घाईत असतो. पंपात थंड होऊन दाटलेल्या तेलावर दुसऱ्या दिवशी हँडल मारले की पंपावर आणि नळ्यांवर काय ताण येतो, हे आपल्याला सांगायला नको.

आता वंगणाचे पाहू. माझ्या मते सर्वांत मोठा धोका इथेच आहे आणि सर्वांत कमी चर्चाही याचीच होते. लायनरवर पडलेले न जळलेले इंधन रिंगांच्या बाजूने खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. डिझेल मिसळले तर त्यातला काही भाग गरम ऑइलमधून उडून जातो. वनस्पती तेल उडून जात नाही, साचत राहते. गरम ऑइलमध्ये, हवेच्या आणि धातूच्या बारीक कणांच्या सान्निध्यात, त्याचे रेणू हळूहळू एकमेकांना जुळत जातात आणि एका टप्प्यानंतर ऑइल थोड्याच वेळात इतके घट्ट होते की ऑइल पंप ते ओढूच शकत नाही. हा टप्पा पूर्वसूचना देत नाही. काल डिपस्टिकवर ठीक दिसलेले ऑइल आज खळीसारखे झालेले आढळू शकते, आणि तोपर्यंत बेअरिंग गेलेले असते. याला एकच इलाज आहे, ऑइल बरेच आधी बदलणे. पण किती आधी? डिझेलसाठी आपण ऑइल बदलण्याचे तास छापता. तेलावर चालवल्यास ते निम्मे करावेत की तिसऱ्या हिश्शावर आणावेत, हे सांगू शकणारी प्रयोगशाळा आपल्याकडे आहे, आमच्याकडे नाही. डिपस्टिकवरची पातळी काही न घालता वाढू लागली तर तो धोक्याचा इशारा समजावा, इतके एक वाक्य जरी पुस्तिकेत आले तरी पुष्कळ इंजिने वाचतील.

सगळी इंजिने या बाबतीत सारखी नसतात, आणि म्हणूनच सरसकट मनाई मला अपुरी वाटते. संथ फिरणारे, पाण्याने थंड होणारे, इंधन आधी जिथे पेटते असा स्वतंत्र पूर्वदहन कक्ष आणि पिंटल नोझल (एकाच छिद्रात सुई असलेले) असलेले जुन्या धाटणीचे इंजिन दाट इंधन बरेच सहन करते, कारण त्याच्या कक्षाची भिंत तापलेली राहते, जळायला वेळ अधिक मिळतो आणि पिंटलची सुई आपले छिद्र काही अंशी स्वतःच साफ करते. याउलट मिनिटाला तीन हजारांहून अधिक फेरे घेणारे, हवेने थंड होणारे, थेट पिस्टनच्या माथ्यावरील खळग्यात इंधन फवारणारे हलके इंजिन या कामाला मुळीच योग्य नाही : नोझलची भोके केसासारखी बारीक, जळायला वेळ अत्यल्प आणि तेल तापवायला गरम पाणीही उपलब्ध नाही. अशा इंजिनाच्या सायलेन्सरभोवती तांब्याची नळी गुंडाळून तेल तापवण्याची युक्ती अनेकजण करतात. ती दोन्हीकडून चुकते, कारण सायलेन्सरचे तापमान भाराबरोबर वाटेल तसे बदलते, आणि तांबे तेलाच्या खराब होण्याला चालना देते. पंपाचेही तसेच आहे. कॅमने ढकलला जाणारा साधा प्लंजर पंप थंड, दाट तेल एकवेळ रेटून नेतो. इंधनानेच वंगण मिळणारा काही रोटरी पंपांचा नाजूक गाभा मात्र त्या ताणाने तुटू शकतो. तरीही विकत घेणाऱ्याला आपल्या इंजिनात पूर्वदहन कक्ष आहे की थेट फवारणी, हेसुद्धा अनेक पुस्तिकांतून समजत नाही.

भाराचा मुद्दा याहूनही कमी लोकांना माहीत असतो. पूर्ण भारावर चालणारे इंजिन आतून तापलेले असते आणि तेल बऱ्यापैकी जाळते. मोठ्या जनरेटरवर दोन दिवे लावून रात्रभर चालवलेले इंजिन थंडच राहते, आणि त्याच रात्री रिंगांवर थर चढतो. तेल वापरायचे तर इतक्या टक्क्यांहून कमी भारावर आणि आयडलिंगवर, म्हणजे भाराविना नुसते, चालवू नये, ही मर्यादा प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी निघेल आणि ती चाचणीतूनच निघेल.

नळ्या, टाक्या आणि जोड यांविषयी थोडक्यात सांगतो. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी, तांब्याची नळी, पितळी जोड हे डिझेलसोबत अनेकदा वर्षानुवर्षे चालून जातात; तेलातील मुक्त आम्ले जस्ताशी मिळून साबणासारखा गाळ करतात आणि तो फिल्टर बुजवतो. आपल्या इंजिनात कोणता भाग कशाचा आहे, याची यादी आपल्याकडे आधीच तयार असते. ती फक्त उघड करायची आहे.

आता वापरणाऱ्यांच्या बाजूचेही स्पष्ट बोलले पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. ‘वनस्पती तेल’ असे एक इंधन नाही. जवसाचे तेल हवेत वाळते आणि पापुद्रा धरते, म्हणून तर ते रंगात वापरतात. जो गुण रंगाला उपयोगी, तोच इंजिनाच्या मुळावर येतो. त्यात भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्या तर आपोआप पेटूही शकतात, मग तेलाचा ज्वलनांक दोनशे अंशांच्या वर असल्याचे कितीही कौतुक केले तरी. खोबरेल याच्या अगदी उलट : जळण्याच्या आणि टिकण्याच्या दृष्टीने ते उत्तम, परंतु सुमारे चोवीस अंशांच्या खाली ते गोठते. पॅसिफिकमधील व्हानुआटू बेटांवर खोबरेलावर वीजनिर्मिती झाली, पापुआ न्यू गिनीतील बोगनव्हिल बेटावर १९९०च्या दशकातील नाकेबंदीत लोकांनी त्यावर गाड्या चालवल्या, त्यामागे उष्ण हवामानाचा मोठा वाटा होता. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन आणि पाम यांची जागा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येते. तळणीतून उरलेले तेल हा तर निराळाच पदार्थ आहे : त्यात पाणी, मीठ, आम्ले आणि आधीच जुळू लागलेले रेणू असतात, आणि ते कापडातून गाळले म्हणून इंधन होत नाही.

घाण्यातून आलेल्या ताज्या तेलातही गोंदासारखे फॉस्फरसयुक्त घटक असतात. बी फार तापवून पिळले की ते वाढतात, आणि जळताना त्यांची राख होऊन थर धरते. जर्मनीत रेपसीडच्या (मोहरीच्या कुळातील तेलबीच्या) तेलासाठी डीआयएन ५१६०५ हे इंधनमानक करण्यात आले, त्यात फॉस्फरस किलोमागे ३ मिलिग्रॅम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम प्रत्येकी १ मिलिग्रॅम, पाणी ७५० मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा आहेत; चाळीस अंशांना श्यानता ३६ सेंटिस्टोकहून अधिक चालत नाही. या मर्यादा किती कडक आहेत हे एकदा लक्षात आले, की ‘आमच्या घाण्याचे तेल अगदी स्वच्छ आहे’ हे वाक्य किती पोकळ आहे तेही कळते. म्हणूनच ‘तेल वापरू नका’ एवढ्यावर न थांबता ‘कमीत कमी या दर्जाचे तेल हवे’ असे सांगणारा उत्पादक हवा आहे.

यावर आपले एक ठरलेले उत्तर असते : तेलाचे बायोडिझेल करून वापरा. तत्त्वतः ते योग्य आहे. ब्रुसेल्समध्ये १९३७ सालीच पाम तेलापासून इथाइल एस्टर, म्हणजे एक प्रकारचे बायोडिझेलच, करण्याचे पेटंट घेतले गेले, आणि एस्टर झाल्यावर दाटपणा ४ ते ५ सेंटिस्टोकवर येतो, म्हणजे मूळ अडचणच संपते. परंतु त्यासाठी शंभर किलो तेलामागे सुमारे अकरा किलो मिथेनॉल, कॉस्टिकसारखा उत्प्रेरक, धुण्याची आणि कोरडे करण्याची सोय, आणि उरलेल्या ग्लिसरीनची विल्हेवाट लागते. मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्वाळा दिवसा धड दिसतही नाही. जिथे डिझेल पोहोचवणे हीच अडचण आहे, तिथे मिथेनॉल सुरळीत पोहोचेल असे गृहीत धरणे मला पटत नाही. शेडच्या आडोशाला पिंपात बायोडिझेल करण्यापेक्षा योग्य इंजिनात, योग्य रीतीने, गाळलेले तेल जाळणे कमी धोक्याचे ठरू शकते. कोणत्या इंजिनात, हे मात्र आपणच सांगू शकता.

आपल्यातील काहींना हे काम नवीनही नाही. जर्मनीत २००१ ते २००५ या काळात शंभराहून अधिक ट्रॅक्टर बदल करून रेपसीडच्या तेलावर शेतात चालवले गेले आणि रॉस्टॉक विद्यापीठाने त्यांचे मूल्यमापन केले. काही ट्रॅक्टर जवळपास विनातक्रार चालले, काहींची इंजिने गंभीरपणे बिघडली. इंजिनाची रचना, रूपांतराची पद्धत, तेलाचा दर्जा आणि ऑइल बदलण्यातली शिस्त यांवर निकाल ठरत गेला. म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरांसाठी हा प्रश्न मोजून पाहिला गेला. एक सिलिंडरचे इंजिन घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र तोंडी सल्ले आणि हमी रद्द झाल्याची नोटीस एवढेच येते. चाचणीची पद्धतही नव्याने शोधायला नको : अमेरिकेतील इंजिन उत्पादकांच्या संघटनेने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पर्यायी इंधनांच्या प्राथमिक पारखीसाठी दोनशे तासांची चाचणी सुचवली होती. तिच्यात पूर्ण भार, कमी भार आणि आयडलिंग यांची आवर्तने असून मध्ये इंजिन थंड होऊ देण्याचा काळही असतो. लहान इंजिन हे दोनशे तास फारशा खर्चाशिवाय पूर्ण करू शकते. त्यानंतर इंजिन उघडून रिंगा, नोझल आणि ऑइल यांची स्थिती मोजून, निकाल कसाही आला तरी छायाचित्रांसह प्रसिद्ध करावा.

दोन आक्षेप मला अपेक्षित आहेत. पहिला असा, की अटींवर परवानगी दिली तर लोक परवानगी लक्षात ठेवतील आणि अटी विसरतील. हे खरे आहे. पण आजही ते तेल ओततातच, आणि त्यांना विसरण्यासाठीसुद्धा अटी माहीत नाहीत. दुसरा आक्षेप धुराचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. इंजिनाला मिळालेले उत्सर्जनाचे प्रमाणपत्र डिझेलवरचे असते, आणि तेल नैसर्गिक आहे म्हणून त्याचा धूर निरुपद्रवी असे मुळीच नाही. जर्मनीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रेपसीडच्या तेलावर चालवलेल्या इंजिनाच्या धुरात जनुकीय बदल घडवण्याची क्षमता डिझेलच्या धुरापेक्षा बरीच अधिक आढळली होती. बंद शेडमध्ये, माणसांच्या वावरात असे इंजिन चालवू नये, हेही मग आपल्याच पुस्तिकेत ठळक अक्षरांत यायला हवे. उत्साही मंडळी हा मुद्दा टाळतात, आणि आपणही गप्प राहिलात तर तो सांगणारा कोणीच उरत नाही.

तेव्हा आमची विनंती अशी आहे, की प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत एक पान यासाठी राखावे. इंजिनाची दहनपद्धत, पंपाचा आणि नोझलचा प्रकार, इंधनाच्या मार्गातील धातू व रबर, पंपाला सोसणारा कमाल दाटपणा आणि त्यासाठी पंपाच्या तोंडाशी लागणारे तापमान, किमान भार, तेलावर चालवल्यास ऑइल बदलण्याचे तास, आणि तेलाचा किमान दर्जा हे त्या पानावर असावे. उत्तर ‘नाही’ असेल तर कोणत्या भागामुळे नाही, तेही तिथेच लिहावे. हमीबाबतही सरसकट नकाराऐवजी भागवार विचार व्हावा : नोझल, पंप, रिंगा किंवा बेअरिंग यांचा दावा तेल वापरल्यामुळे नाकारला तर ते समजण्यासारखे आहे, पण त्याच कारणाने फ्लायव्हीलच्या किंवा क्रँककेसच्या ओतीव कामातील दोषाचा दावा नाकारणे योग्य नाही. आणि दावा नाकारताना सेवा विभागाने इंजिन उघडल्यावर काय आढळले, याची लेखी नोंद मालकाला द्यावी. ती नोंद हातात असली, की पुढच्या दुरुस्तीत नेमके काय बदलायचे ते त्याला आणि आम्हालाही कळेल.

आपला,
लहान इंजिने दुरुस्त करणारा एक कारागीर